सहाशे चाळीस चाचण्या, गाळून!

"माझ्या हाताखालून एक जरी खोट सुटली ना, तर नाव बदलीन!" खुसपट टेबलावर हात आपटून म्हणाली.

बोलायला काय जातंय! तिचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवतच नव्हतं. पाठीमागे सगळे तिला खुसपट म्हणायचे आणि तोंडावर ताई.

नजरच तशी होती तिची. दुधात माशी पडली तर ती तुम्हाआम्हालाही दिसते, हिला माशीच्या पंखावरची धूळ दिसायची! लिफ्टमध्ये शिरली की आधी बटणं मोजायची. एकदा डोळे तपासायला गेली आणि डॉक्टरलाच म्हणाली, "तुमचा नंबर वाढलाय." आठ दिवसांनी डॉक्टर जाड काचेचा चष्मा लावून बसलेला. आता बोला!

अशा बाईला काम मिळालं होतं चाचण्या घेण्याचं. ऑफिसात 'हाक' नावाचं एक ॲप बनायचं. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात एक बटण. पडलं, अडकलं, छातीत कळ आली की दाबायचं. लगेच मुलाचा नाहीतर सुनेचा फोन किंचाळायला लागायचा. फोन खिशात काळा पडून झोपलेला असो, पर्सच्या तळाशी गाडलेला असो, असा किंचाळायचा की शेजारच्याच्या हातातला कप पडावा! ॲप नवं झालं की खुसपट फळीवर बारा फोन मांडायची आणि त्यांच्यावर सहाशे चाळीस चाचण्या लावून द्यायची. त्या आपोआप चालायच्या. दोन तासांनी रिपोर्ट यायचा, पास इतक्या, नापास इतक्या. खाली खुसपटची सही. ती सही झाल्याशिवाय 'हाक'ने ऑफिसचा उंबरठा ओलांडायचा नाही, असा नियमच होता.

सही एवढी मोठी, आणि सही करणारी मात्र कंत्राटी! तीन वर्षं दर सहा महिन्यांनी कंत्राट पुढे सरकत होतं. या खेपेला साहेबांनी शब्द दिला होता, "शुक्रवारी नवी 'हाक' वेळेत बाहेर पडली, की त्याच दिवशी तुम्हाला कायम केल्याचं पत्र!"

नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरात ती आणि सासूबाई. पत्राची वाट सासूबाईच जास्त बघत होत्या. "एकदाची कायम हो बाई," त्या म्हणायच्या, "म्हणजे दर सहा महिन्यांनी तुझं ते सुकलेल्या लिंबासारखं तोंड बघायला नको!"

सासूबाईंच्या गळ्यातही 'हाक'चं बटण होतं. घरचंच माणूस, घरचीच चाचणी. आणि त्या ते सढळ हाताने दाबायच्या! रिमोट सापडला नाही, दाब. शेजारणीने नवा पडदा लावला, दाब. खुसपटचा फोन भर मीटिंगमध्ये किंचाळायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "अगं, काही नाही, सहज."

तर सोमवारी खुसपट कामावर आली आणि बघते तर बाराच्या बारा फोन बदललेले! फोन बनवणाऱ्या कंपनीने रविवारी त्यांची ऑपरेटिंग सिस्टमच नवी करून टाकली होती. विचारायची पद्धत नाही! वर निरोप ठेवलेला, 'तुमच्या मनःशांतीसाठी, फोन झोपलेला असताना यापुढे कुठल्याही ॲपला आपणहून आवाज करता येणार नाही.'

मनःशांती! चोर घरात शिरू नये म्हणून मालकालाच बाहेर काढण्यातला प्रकार!

दोन तासांनी रिपोर्ट आला. चाचणी क्रमांक सतरा, 'झोपलेला फोन किंचाळला पाहिजे.' समोर लालभडक, नापास.

खुसपट तरातरा जावयाकडे गेली. जावई म्हणजे कुणाचा जावई नव्हे. ऑफिसातला एकुलता एक प्रोग्रामर. रुसला की अख्ख्या ऑफिसाने मनधरणी करायची, म्हणून जावई.

"सतरा नंबर नापास झाली," ती म्हणाली.

"नापास कसली, ताई?" जावई पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "सिस्टमने सोयच बंद केलीय. शाळेलाच कुलूप असेल तर पोरगं नापास कसं होईल? गाळा ती चाचणी."

"पण फोन किंचाळत नाही, हे खरं ना?"

"खरं. पण चूक आपली नाही."

"आणि म्हातारं माणूस पडलं, तर त्याला हेच सांगू? आजोबा, पडून राहा, चूक आमची नाही?"

"ताई, नवीन परवानगी मागून घ्यायची सोय करावी लागेल. दोन आठवडे लागतील. शुक्रवारला दिवस किती?"

"चार."

"मग झालं तर! सोय बंद असेल तिथे चाचणी गाळायची. जगभर असंच करतात."

आता, जावई अगदीच खोटं बोलत नव्हता. जगभर तसं करतात. पण जगभर गाळलेलं लिहूनही ठेवतात, आणि कुणीतरी ते वाचतंही! खुसपटने रिपोर्टात तिसरा रकाना काढला. ग्राहकाला वाचता यावं म्हणून रिपोर्ट आपल्या भाषेत हवा, असा साहेबांचा हुकूम. म्हणून तिने रकान्याला नाव दिलं, 'गाळल्या'. शाळेत गाळलेल्या जागा असायच्या ना, तसंच. रंग दिला राखाडी. पास सहाशे एकोणचाळीस, नापास शून्य, गाळल्या एक.

साहेबांना ऑफिसात हिरवेसाहेब म्हणायचे. त्यांना रिपोर्टातला फक्त हिरवा रंग वाचता यायचा. त्यांनी राखाडी रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय? इथे कुणी राख सांडली?"

"ती गाळलेली आहे, साहेब."

"नापास आहे का?"

"नाही."

"मग पास!"

"तसं नाही हो! समजा मी विचारलं, सासूबाई जेवल्या का? आणि सासूबाई घरातच नाहीत. तर जेवल्या असं धरायचं का?"

"उपाशी आहेत असं तरी का धरता?" साहेब विजयी मुद्रेने म्हणाले. "मॅडम, तुम्ही माणसाचं चांगलं चिंतायला शिका! तो रंग बदला. मरगळ येते बघून."

खुसपटने मान हलवली आणि रंग हिरवा केला. नुसता रंगच तर होता! शब्द तर तिने ठेवला होता ना!

जावयाने एक नियमही लिहून टाकला. प्रत्येक चाचणीने सुरू होण्याआधी सिस्टमला विचारायचं, माझी सोय चालू आहे का? हो म्हणाली तर चालायचं. नाही म्हणाली, किंवा उत्तरच दिलं नाही, तर मुकाट्याने घरी जायचं. सज्जन चाचण्या सगळ्या!

पण फोनवाल्या कंपनीला त्या आठवड्यात सुरक्षिततेचा ताप चढला होता. मंगळवारी फोन परत बदलले. थरथरणं बंद, दिवा लावणं बंद. गाळल्या शहाण्णव. बुधवारी फोन तिसऱ्यांदा बदलले आणि नवा निरोप आला, 'ॲप्सनी सिस्टमला नको ते प्रश्न विचारू नयेत.'

झालं! पहिली चाचणी उठली, विचारायला गेली, उत्तर नाही. घरी. दुसरी गेली. उत्तर नाही. घरी. सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस एकीमागे एक घरी! दोन तासांचं काम चार सेकंदांत संपलं आणि रिपोर्ट आला. नापास शून्य. वरपासून खालपर्यंत हिरवंगार, गाईला चरायला सोडावी असं!

"जावईबापू, चार सेकंदांत झाल्या!" खुसपट ओरडली.

"अरे वा!"

"वा काय! चार सेकंदांत मला शिंकसुद्धा पुरी येत नाही! एकही चाचणी चाललेली नाही!"

जावयाने रिपोर्ट वरखाली केला. त्याचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाला, "नापास किती?"

"शून्य."

"मग ताई, आत्ता कशाला उकरता?"

तेवढ्यात साहेब मागे उभे! त्यांनी फक्त 'चार सेकंद' एवढंच ऐकलं होतं. आणि साहेबांना हिशेब झरझर यायचा. "दोन तास भागिले चार सेकंद... अठराशे पट! अठराशे पट वेग!" ते खुर्चीवर चढायचेच बाकी होते. सगळं ऑफिस गोळा केलं आणि खुसपटला मध्ये उभं केलं. "बोला मॅडम! कसं साधलंत?"

आता सांगायलाच हवं होतं. खुसपटने स्पष्ट सांगितलं, "मी काहीही केलेलं नाही. चाचण्याही काही करत नाहीयेत. सगळं रिकामं आहे."

मग टाळ्यांचा कडकडाट!

"बघा!" साहेब गहिवरले. "अठराशे पट वेग वाढवला आणि म्हणते, मी काहीच केलं नाही! याला म्हणतात विनय!"

"अहो विनय नाही, खरंच काही..."

"पुन्हा तेच! बसा मॅडम, किती लाजवाल आम्हाला!"

आयुष्यात पहिल्यांदा खुसपटसाठी टाळ्या वाजल्या होत्या. तीन वर्षं तिने खरं सांगितलं तेव्हा लोकांनी तोंडं वाकडी केली होती. आणि आज? तिला वाटलं, उद्या सांगू.

उद्या म्हणजे गुरुवार. रिपोर्ट सहीला आला. खुसपट अर्धा तास पेन धरून बसली. नाही म्हणावं तर पत्र गेलं. हो म्हणावं तर... शेवटी तिने अक्कल चालवली. सही केली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सर्व ६४० चाचण्या गाळल्या आहेत.' झालं! खोटं नाही, खरं तेच लिहिलं. ज्याला डोळे असतील तो वाचेल! असं म्हणून ती घरी गेली आणि गाढ झोपली.

डोळे होते हो लोकांना! वाचलंसुद्धा!

शुक्रवारी सकाळी ती आली तर दारात पत्रकांचा ढीग. गुळगुळीत कागद, मोठी अक्षरं: 'हाक! सहाशे चाळीस चाचण्यांतून गाळून घेतलेली!' शेजारी चित्र, पाण्याच्या एका नितळ थेंबाचं.

"मॅडम, काय शब्द काढलात!" साहेब पुढे आले. "गाळल्या! मी वाचलं आणि थरारलो. पाणी एकदा गाळतात, आपण सहाशे चाळीस वेळा!"

"साहेब, गाळल्या म्हणजे वगळल्या हो! सोडून दिल्या!"

"सोडून काय दिल्यात! घाम गाळलाय तुम्ही!" साहेबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "चला, मोठ्या बाई आल्यात."

मोठ्या बाई म्हणजे वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका. तीनशे म्हातारी माणसं त्यांच्याकडे. तीनशे बटणं एकदम घेणार होत्या. भारदस्त, थकलेल्या, कपाळावर कायमची आठी. त्या खुर्चीत बसल्या आणि पत्रक वाचून म्हणाल्या, "गाळलेलं आहे म्हणता?"

"सहाशे चाळीस वेळा!" साहेब म्हणाले. "मॅडम, तुमचा फोन ठेवा बरं टेबलावर. यांच्या घरीही 'हाक'च आहे बाई, सासूबाईंच्या गळ्यात! घ्या बाई, हे नमुन्याचं बटण, याच फोनला जोडलेलं. दाबा!"

खुसपटने पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला. काळा, झोपलेला, रात्रीच नवी सिस्टम घेतलेला. बाईंनी बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. जावई छताकडे बघायला लागला.

"वाजत नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी फोन उचलून जागा केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "वाजत नाही कसं! हे बघा, त्रेचाळीस हाका आल्यात! तुम्ही दोनदा दाबलंत आणि त्रेचाळीस पोचल्या! काय ताकद आहे!"

खुसपटने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. दोन हाका नमुन्याच्या. एकेचाळीस हाका सासूबाईंच्या. पहिली दहा वाजून पाच मिनिटांची. आता साडेअकरा.

तिने हाका पुन्हा एकदा मोजल्या.

"पण आवाज?" बाई विचारत होत्या.

"आवाज गाळलाय!" साहेब म्हणाले. बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच आवडलं. "हो! आवाज गाळला, नुसती हाक ठेवली!"

खुसपट डोळे फाडून बाईंकडे बघत राहिली. आता ही बाई उठेल, पत्रक साहेबांच्या तोंडावर फेकेल. बाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"अगदी असंच हवं होतं," त्या म्हणाल्या. "तीनशे माणसं हो! दिवसभर घंटा, घंटा, घंटा. कामाला आलेल्या मुली महिनाभर टिकत नाहीत. हाक मारल्याचं समाधान म्हाताऱ्यांना, नोंद कागदावर, आणि आम्हाला शांतता. तीनशे द्या. नाही, पन्नास जास्तीची द्या."

"साहेब, मला निघायला हवं," खुसपट म्हणाली. "घरी काहीतरी झालंय."

"जा की! पण तुमचं पत्र? प्रिंटरमध्ये आहे ते. प्रिंटर अपडेट घेतोय, अकरा मिनिटं दाखवतोय."

"सोमवारी घेते."

"सोमवारी मी नाही, महिनाभर दौरा. माझी सही आज. नाहीतर मग पुढचं कंत्राट करू सहा महिन्यांचं. त्यात काय एवढं?"

खुसपटने सासूबाईंच्या फोनवर फोन लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला. कुणी उचलेना. ती मनाशी म्हणाली, रिमोट सापडत नसेल. पडदा लावला असेल कुणीतरी. एकेचाळीस पडदे? लावतात एकेक बायका!

आणि ती बसली. अकरा मिनिटं. प्रिंटरसमोर, हातात पर्स घेऊन. एवढी बारीक नजर तिची, पण त्या अकरा मिनिटांत तिने घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

पत्र बाहेर आलं. साहेबांनी सही ठोकली. तिने ते न वाचताच पर्समध्ये कोंबलं आणि जी पळाली, ती तीन जिने उतरताना एकाही पायरीला पाय लागला नाही म्हणतात!

घरी पोचली तर बंद दाराबाहेर वरच्या मजल्यावरचे मास्तर उभे. दारावर मुठी आपटत होते. "ढोल बडवायची ही काय वेळ झाली? माझं डोकं उठलंय!"

आतून खरंच आवाज येत होता. ढम, ढम, ढम! खुसपटने किल्लीने दार उघडलं आणि बाथरूमकडे धावली. आतली कडी निखळून सासूबाईंच्या हातात आली होती. बाहेरून नुसता दांडा फिरवला की दार उघडलं. एवढंच! एका हाताचं काम. आत सासूबाई उपड्या बादलीवर बसलेल्या, केस विसकटलेले, हातात मग. दोन तास तो मग त्या दुसऱ्या बादलीवर बडवत होत्या. गळ्यात बटण, दाबून दाबून आत गेलेलं.

"आई!"

"आलीस?" सासूबाईंचा आवाज बसला होता. "मला वाटलं, आता बोटीवरून लेकच येतो सोडवायला."

खुसपटने त्यांना धरून बाहेर आणलं, पाणी दिलं, पाय चोळले. मास्तरांना मात्र अजून वाटत होतं, भांडण राहूनच गेलं. ते कुरकुरत वर गेले. सासूबाईंच्या त्या बडवण्यानेच काय तो एक माणूस दारापर्यंत आणला होता, तोही भांडायला!

"फोन वाजला नाही तुझा?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही वाजला, आई. बिघडलंय ते."

"मग कळलं कसं?"

"बघितला फोन, तेव्हा कळलं."

"आणि लगेच निघालीस?"

खुसपट त्यांचे पाय चोळत राहिली. "लगेच," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गुणाची गं माझी बाई."

ते ऐकून खुसपटला असं झालं की धरणी फाटावी, नाहीतर आपणच आत जाऊन बाथरूमचं दार लावून घ्यावं! विषय बदलावा म्हणून तिने घाईघाईने पर्स उघडली. "आई, पत्र मिळालं! कायम झाले!"

"अगं बाई! आण इकडे, मी वाचते." सासूबाईंनी चष्मा लावला आणि बसलेल्या आवाजात मोठ्याने वाचायला लागल्या. "'आपणांस कायम करताना आनंद होत आहे. सर्व चाचण्या आता चार सेकंदांत होत असल्याने चाचणी विभागाची गरज उरलेली नाही. सबब सदर विभाग आजपासून बंद. आपली कायम नेमणूक तक्रार विभागात करण्यात येत आहे. कामाचे स्वरूप: ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेणे व लिहून ठेवणे.'"

सासूबाई थांबल्या. पत्र उलटं करून मागे काही आहे का बघितलं. मग चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

"तक्रार विभाग म्हणजे? लोक तक्रार सांगणार आणि तू ऐकणार?"

"हो."

"मध्ये बोलायचं नाही?"

"नाही."

"आणि कायम?"

"कायम," खुसपट म्हणाली.

सासूबाई सरसावून बसल्या. पदर नीट केला, पाण्याचा घोट घेतला, बसलेला घसा खाकरला. "मग आण वही," त्या म्हणाल्या. आणि सुरुवात केली ती थेट लग्नाच्या दिवसापासून!